एकट्याने न वाजणारी बासरी

जून १९५७. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या स्ट्रासबूर्ग शहरात संगीत महोत्सव भरला आहे. फ्रेंच रचनाकार फ्रान्सिस पूलँकच्या नव्याकोऱ्या सोनाटाचं पहिलं जाहीर वादन १८ तारखेला ठरलं आहे. पियानोवर स्वतः पूलँक, फ्लूटवर पस्तिशीचा जाँ-पियेर रांपाल. आदल्या दिवशी भलतीच अडचण निघाली. थोर पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन गावात होता, सोनाटा ऐकायची त्याला इच्छा होती, पण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं जमणार नव्हतं. मग पूलँक आणि रांपाल रिकाम्या सभागृहाच्या मंचावर गेले आणि समोर एकटाच बसलेल्या रुबिनस्टाईनसाठी त्यांनी अख्खा सोनाटा वाजवला. ‘प्रथम वादन’ म्हणून नोंद झाली ती दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची. खरं प्रथम वादन आधीच होऊन गेलं होतं, तीन माणसांत.

या पुस्तकाच्या नायकाची ओळख याच प्रसंगापासून करून दिलेली बरी. कारण रांपाल म्हटलं की लोकांना आठवते ती सोन्याची बासरी, रेकॉर्डांची चळत आणि तुडुंब भरलेली सभागृहं. विसाव्या शतकात फ्लूट हे वाद्य एकल कलाकाराचं म्हणून जगभर उभं केलं ते या माणसाने, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण तो एकटा क्वचितच वाजवत असे. चार जणांत, पाच जणांत, नाही तर निदान एखाद्या हार्पसिकॉर्डवाल्याबरोबर तो वाढला, आणि एकट्याचं नाव झालं ते या सोबतीच्या जोरावर. पुढच्या प्रकरणांत तारखा, गावं, करार आणि रेकॉर्डांचे क्रमांक येतील. ते वाचताना त्याच्या शेजारी कोण बसलं आहे, याकडे वाचकाने लक्ष ठेवावं.

आधी वाद्याविषयी थोडं. मराठी वाचकाच्या कानात बासरी म्हणजे वेळूची. बोटांची पेरं थेट छिद्रांवर, आणि बोट किंचित सरकवलं की दोन स्वरांमधली सगळी वाट मिंडेने चालून जाता येते. पाश्चात्त्य फ्लूट हा तिचा दूरचा भाऊ. आडवा धरायचा, तोंडाशी असलेल्या छिद्राच्या कडेवर फुंकर फोडायची, एवढं साम्य. बाकी सगळं यंत्र. साधारण सव्वादोन फूट लांबीची धातूची नळी, तीन तुकड्यांत जोडलेली, आणि तिच्यावर चाव्या, दांडे, स्प्रिंगा. आजच्या रूपातला हा फ्लूट म्युनिकच्या थेओबाल्ड बोमने १८४७ साली सिद्ध केला. बोम स्वतः दरबारी फ्लूटवादक, पण घरचा धंदा सोनाराचा आणि त्याचं शिक्षणही त्यातच झालेलं. बोटं पोचतात तिथे छिद्रं पाडायची, ही हजारो वर्षांची रीत त्याने सोडली. नादशास्त्राच्या हिशेबाने जिथे हवीत तिथे, हवी तेवढी मोठी छिद्रं पाडली, आणि ती झाकायला बोटं पुरेनात म्हणून चाव्यांची यंत्रणा बसवली. त्याच वर्षी पॅरिसच्या कारागिरांनी त्याचे हक्क विकत घेतले. त्यांतला एक लुई लो. हे नाव पुन्हा येणार आहे.

दुसरा शब्द चेंबर म्युझिक. चेंबर म्हणजे दालन. सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात, मोजक्या मंडळींसमोर, मोजक्या वादकांनी वाजवायचं संगीत. आपल्या बैठकीची आठवण येते खरी, पण बैठकीत गवई मधे असतो आणि बाकीचे त्याच्या साथीला. इथे मुख्य कलाकारच नसतो. प्रत्येकाच्या हाती वेगळी ओळ, प्रत्येक ओळीला एकच वादक, आणि काठी हलवणारा संचालक नाही. तीन, चार, पाच जण. मराठीत त्रिकूट आणि चौकडी या शब्दांना कटकारस्थानाचा वास येतो; एकमेकांच्या नजरेकडे बघत काम उरकणारी माणसं या अर्थाने तो इथे अगदीच गैरलागू नाही.

रांपालचा जन्म ७ जानेवारी १९२२ चा, मार्सेयचा. मराठी माणसाला हे बंदर ‘मार्सेलिस’ या नावाने ठाऊक आहे, ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून घेतलेल्या उडीमुळे. त्याच गावच्या संगीतशाळेत जोझेफ रांपाल फ्लूट शिकवत असे. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयाचं १९१९ चं पहिलं पारितोषिक त्याने मिळवलेलं, त्यामुळे त्या काळच्या फ्रेंच घराण्याची तालीम त्याच्याकडे थेट आलेली. घराणं हा शब्द इथे चालतो. पॉल ताफानेलपासून सुरू झालेली ही परंपरा गोल, मोकळा नाद आणि बेतशीर कंप यांसाठी ओळखली जाते, आणि गुरूच्या समोर उभं राहून, त्याचं ऐकून शिकणं हीच तिची पद्धत. जोझेफच्या हाताखालून पुढे मॅक्सॉन्स लारियू, आलँ मारियाँ असे नामवंत वादक बाहेर पडले.

मुलाला मात्र आईवडिलांना डॉक्टर करायचं होतं. वाद्यवृंदात वाजवून घर कसं चालतं, हे बापाला चांगलंच माहीत. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर बापाने त्याला फ्लूट शिकवला तो इतर विद्यार्थ्यांबरोबर, छंद म्हणून. पोराने संगीतशाळेचं पहिलं पारितोषिक पटकावलं, सोळाव्या वर्षी जाहीर कार्यक्रमही केला, आणि मग घरच्यांच्या मर्जीप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं.

युद्ध झालं नसतं तर मार्सेयला एक हौशी फ्लूट वाजवणारा डॉक्टर मिळाला असता, आणि या पुस्तकाची गरज पडली नसती. फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या विशी सरकारने कायदा काढला: १९२० ते १९२२ या वर्षांत जन्मलेल्या तरुणांनी सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला जायचं. रांपाल नेमका त्यात बसत होता. वैद्यकीचं तिसरं वर्ष चालू होतं. तो पळाला, आणि पळाला तो पॅरिसला, म्हणजे थेट जर्मनांच्या तोंडात. मोठ्या शहरात माणूस सापडणं कठीण, हा हिशेब. बिऱ्हाडं बदलत राहायचं आणि दिवसा तिथल्या संगीत महाविद्यालयात गास्ताँ क्र्युनेलच्या फ्लूटच्या वर्गात बसायचं, असं सुरू झालं. १९४४ च्या जानेवारीत वर्ग सुरू झाला आणि त्याच उन्हाळ्यात महाविद्यालयाचं पहिलं पारितोषिक त्याच्या नावावर लागलं. बापाला मिळालं होतं तेच, पंचवीस वर्षांनी.

त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी आंद्रे जोलिव्हेने मुद्दाम लिहिलेली रचना होती ‘शां द लिनोस’. दरवर्षी परीक्षेसाठी नवी रचना लिहवून घ्यायची, ही या महाविद्यालयाची जुनी पद्धत. फ्लूटच्या साहित्यातल्या कित्येक उत्तम चिजा या परीक्षांच्या पोटी जन्मल्या आहेत. जोलिव्हेची ही रचना प्राचीन ग्रीक शोकगीताच्या कल्पनेवर बेतलेली. संथ विलाप पाच मात्रांच्या चालीत, मधे किंकाळ्यांसारखे तुटक उंच स्वर, आणि अखेरीस सात मात्रांचा झपाटलेला नाच. ज्याच्या कानात रूपक मुरला आहे अशा मराठी श्रोत्याला त्या नाचाची लय फारशी परकी वाटत नाही. पॅरिसच्या परीक्षार्थींना मात्र त्या सात मात्रांनी घाम फोडला असणार. आणि ही परीक्षा शत्रूच्या ताब्यातल्या शहरात चाललेली, शोकगीत निवडलेलं.

पॅरिस मुक्त झाल्यावर संचालक आंरी तोमासीने त्याला राष्ट्रीय रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर जाक इबेरचा कंचेर्टो वाजवायला बोलावलं. हा कंचेर्टो भल्याभल्या फ्लूटवादकांना धडकी भरवणारा आहे. रेडिओवरून तो थेट प्रक्षेपित झाला आणि तेविशीच्या पोराचं नाव देशभर पोचलं. वैद्यकीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता त्याच्या पहिल्या रेकॉर्डविषयी. १९४६ साली एका लहानशा फ्रेंच कंपनीसाठी त्याने पास्किये बंधूंच्या त्रिकुटाबरोबर मोझार्टचा डी मेजरमधला फ्लूट क्वार्टेट ध्वनिमुद्रित केला. फ्लूट, व्हायोलिन, व्हियोला, चेलो. या रचनेची कूळकथा मजेदार आहे. मॅनहाइममध्ये मोझार्टला फेर्दिनांद द जाँ नावाचा हौशी फ्लूटवादक भेटला. हा पेशाने डॉक्टर, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहून आलेला. तीन सोपे कंचेर्टो आणि काही क्वार्टेट यांचे दोनशे गुल्डन देतो म्हणाला. मोझार्टने काम अर्धवट केलं, हातात ९६ गुल्डन पडले, आणि १४ फेब्रुवारी १७७८ च्या पत्रात त्याने वडिलांकडे कुरकुर केली की, जे वाद्य मला सोसवत नाही त्याच्यासाठी सतत लिहायचं म्हणजे हात चालत नाही. फ्लूटवादकांच्या तोंडावर ते वाक्य आजतागायत फेकलं जातं. काम न केल्याचा जाब विचारणाऱ्या बापापुढे मुलाने पुढे केलेली सबब म्हणून ते वाचलं तर त्याचं वजन बरंच उतरतं.

सबब म्हणायचं कारण खुद्द त्या क्वार्टेटचा मधला भाग. तिन्ही तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडत राहतात, आणि त्या टिपटिपीवर फ्लूट एकटा लांबच लांब ओळ गातो. बी मायनरमधली ही अडाजियो जेमतेम पस्तीस मात्राखंडांची. फ्लूटवाल्याला लपायला जागा नाही, कारण खाली एकही सलग सूर धरलेला नाही. आपल्याकडे तंबोरा बंद करून आलाप करायला सांगावं तसं. श्वास कुठे घ्यायचा, हा सगळ्यात मोठा प्रश्न. श्वास चुकला की ओळ तुटते आणि खालच्या छेडण्यात ती फट उघडी पडते. शेवटी ओळ पूर्ण मिटत नाही. एका प्रश्नावर लटकते आणि तिथून थेट आनंदी रोंदोत उडी घेते. न सोसवणाऱ्या वाद्यासाठी कोणी इतकं जपून लिहीत नाही. एका डॉक्टरने मागवलेली रचना, वैद्यकी सोडलेल्या पोराने पहिल्या रेकॉर्डसाठी निवडलेली. हा योगायोगच, पण पुस्तक वाचताना विसरू नये असा.

त्याच सुमारास त्याचं फ्रेंच वाऱ्याच्या वाद्यांचं पंचक जमलं. ओबोवर पियेर पिएर्लो, क्लॅरिनेटवर जाक लान्सलो, बसूनवर पोल होन्य, हॉर्नवर जिल्बेर कुर्सिये. तंतुवाद्यांचा क्वार्टेट एकाच कुटुंबातला असतो. सगळ्यांना चार तारा, सगळ्यांना गज. या पंचकात मात्र पाच जणांच्या पाच जाती. फ्लूटला पत्ती नाही, क्लॅरिनेटला एक, ओबो-बसूनला दुहेरी, आणि हॉर्न तर पितळेचं, ओठांच्या थरथरीवर वाजणारं. नाद जुळवायचा कसा?

यातली एक गोम जवळून पाहण्यासारखी आहे. फ्लूटमध्ये जोरात फुंकलं की स्वर चढतो. क्लॅरिनेटचं उलटं, जोर वाढवला की स्वर उतरायला बघतो. आता रचनाकाराने दोघांना एकच स्वर दिला आहे आणि खाली लिहिलं आहे, हळूहळू मोठं करत न्या. दोघांनी आपापल्या परीने बिनचूक वाजवलं, तर चार मात्रांच्या अखेरीला दोघं एकमेकांपासून फाकलेले असतात. म्हणून फ्लूटवाला फुंकरीची दिशा बारीकशी खाली वळवतो, क्लॅरिनेटवाला ओठ सावरतो, आणि हे दुसऱ्याचा स्वर कानावर आल्यानंतर करून भागत नाही, आधी करावं लागतं. त्यात सभागृह गरम झालं की सगळ्यांच्याच स्वरांचे भाव वधारतात. सुरुवात करायला संचालक नसल्यामुळे फ्लूटवाला वाद्याचं टोक तसूभर उचलतो आणि ठरल्या लयीत श्वास घेतो. त्या श्वासाच्या लांबीवरून बाकीच्या चौघांना पुढच्या मात्रेची लांबी कळते. रांपालच्या एकल वादनात जी गोष्ट ऐकणाऱ्याला ‘सहज’ वाटते, ती इथे वर्षानुवर्षं घासून आलेली आहे.

पोट भरायला अर्थातच नोकरी होती, आधी विशी शहरातल्या ऑपेरात, पुढे १९६२ पर्यंत पॅरिसच्या ऑपेरात. रात्री ऑपेराच्या खड्ड्यात बसून गायकांच्या पाठीमागे वाजवायचं, दिवसा तालमी आणि रेकॉर्डिंग. जून १९४७ मध्ये त्याने फ्रान्स्वाझ बाकेरीस हिच्याशी लग्न केलं. ती हार्पवादक, तिची आईही हार्पवादक. संसार थाटला तो पॅरिसच्या मोझार्ट मार्गावर. एवढं जमवून आणायला नशीबच लागतं.

सोन्याच्या बासरीची गोष्ट १९४८ ची. लुई लोने १८६९ साली घडवलेला, १३७५ क्रमांकाचा, अस्सल सोन्याचा फ्लूट. मूळ मालक जाँ रेम्यूझा हा वादक तो घेऊन शांघायला गेला आणि १८८० साली तिथेच वारला. वाद्य फिरत फिरत फ्रान्समधल्या एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे आलं. त्याच्या लेखी ते मोडीचं सोनं होतं, वितळवून टाकायच्या बेतातलं. रांपालला सुगावा लागला, घरच्यांनी पैसे उभे केले, आणि वाद्य वाचलं. पुढची दहा-अकरा वर्षं तो त्यावर वाजवत होता, मग अमेरिकेतल्या हेन्स कंपनीने त्याला सोन्याचा दुसरा फ्लूट करून दिला आणि लुई लोचा जुना फ्लूट जपून ठेवला गेला. सोन्यामुळे नाद खरंच बदलतो का, यावर फ्लूटवाल्यांत अजून हमरीतुमरी चालते. जाहिरातीला मात्र सोनं फार उपयोगी पडलं, याबद्दल दुमत नाही.

१९४९ साली रांपालने पॅरिसच्या साल गाव्हो सभागृहात एक धाडस केलं: संपूर्ण संध्याकाळ फक्त फ्लूट आणि पियानो. व्हायोलिनवाला किंवा पियानोवाला असा कार्यक्रम रोज करतो. पण फ्लूट म्हणजे वाद्यवृंदातला एक आवाज, पहाटेची पाखरं आणि मेंढपाळ रंगवण्यापुरता, अशी आयोजकांची समजूत. तिकीट काढून दोन तास तो ऐकायला कोण येणार? लोक आले. पियानोवर होता रोबेर व्हेरों-लाक्रुआ, त्याच्याच वयाचा, हार्पसिकॉर्डही तितक्याच हुकमतीने वाजवणारा. ही जोडी पुढे तीसहून अधिक वर्षं टिकली. रांपालच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव कोणतं, असं विचारलं तर बापानंतर हेच घ्यावं लागेल. याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलं जाई, म्हणून लोक त्याला विसरतात.

दोघं मिळून ग्रंथालयं धुंडाळत. अठराव्या शतकात फ्लूट हे राजेरजवाड्यांचं लाडकं वाद्य. प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा स्वतः वाजवायचा. त्यामुळे बाख, टेलेमान, विवाल्दी, क्वांट्झ यांच्या काळातल्या रचनांचे ढीग युरोपभरच्या संग्रहांत धूळ खात पडलेले. त्या काळच्या लिखाणात हार्पसिकॉर्डवाल्याला पुरती स्वरलिपी दिलेली नसते. खालचा एक स्वर आणि त्याच्या शेजारी एखादा आकडा, ६ किंवा ७, एवढंच. त्या आकड्यावरून वरचे स्वर कोणते आणि ते कसे पसरायचे, हे वादकाने जागच्या जागी ठरवायचं. हार्मोनियमची चांगली साथ ऐकलेल्या माणसाला यातली मजा चटकन कळेल. काय भरायचं यापेक्षा काय गाळायचं, हीच कसोटी. व्हेरों-लाक्रुआ त्यात पक्का होता. पिएर्लो, होन्य आणि व्हायोलिनवादक रोबेर जाँद्र यांना घेऊन १९५० नंतर लगेच त्यांनी पॅरिस बरोक आंसांब्ल उभं केलं, म्हणजे पंचकातले तिघे इथेही होतेच.

काळही जुळून आला. १९४८ साली लाँग-प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आली. दर बाजूला वीसेक मिनिटांचं संगीत मावू लागलं, कंपन्यांना नव्या मालाची भूक लागली, आणि बेथोव्हेनच्या सिम्फनीला सत्तर-ऐंशी माणसं लागत तिथे विवाल्दी दहा-बारा जणांत भागायचा. विवाल्दीच्या दहाव्या संचातल्या फ्लूट कंचेर्टोंच्या रेकॉर्डला १९५४ साली फ्रान्सचा मानाचा ‘ग्रां प्री द्यू दिस्क’ मिळाला. बरोक, म्हणजे बाख-विवाल्दींच्या काळच्या, संगीताची जी लाट पुढे युरोप-अमेरिकेत उसळली, तिच्यावर फ्लूट अलगद तरंगला. रांपाल योग्य वेळी योग्य काठावर उभा होता, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य आहे. पण त्या काठावर त्याच्याइतकी तयारी करून दुसरा कोणी उभा नव्हता.

पूलँकचा सोनाटा याच दिवसांतला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मागणीवरून तो लिहिला गेला आणि चेंबर संगीताची मोठी आश्रयदाती एलिझाबेथ स्प्रेग कूलिज हिच्या स्मृतीला अर्पण झाला. वॉशिंग्टनच्या त्याच लायब्ररीत १४ फेब्रुवारी १९५८ रोजी रांपाल आणि व्हेरों-लाक्रुआ यांनी अमेरिकेतलं पहिलं वादन केलं, पूलँक आणि मोझार्ट दोन्ही घेऊन. मोझार्टच्या त्या कुरकुरीच्या पत्राला त्या दिवशी बरोबर १८० वर्षं झाली होती.

नंतरची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ती थोडक्यात. खाचातुरियानच्या व्हायोलिन कंचेर्टोचं त्याने फ्लूटसाठी रूपांतर केलं. आयझॅक स्टर्न, रोस्त्रोपोविच अशा दिग्गजांबरोबर वाजवलं. हार्पवादक लिली लास्किनबरोबर जपानी गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या. क्लोद बोलिंगने १९७३ मध्ये त्याच्यासाठी फ्लूट आणि जॅझ पियानो त्रिकूट यांचा स्वीट लिहिला. ती रेकॉर्ड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दहा वर्षं ठाण मांडून बसली. ‘मपेट शो’मध्ये तो मिस पिगी या बाहुलीबरोबरही दिसला.

नाकं इथेच मुरडली गेली. रेकॉर्डी फार झाल्या, सगळ्याच सारख्या तोलाच्या नाहीत, ही तक्रार रास्त आहे. दुसरी टीका जास्त खोल होती. १९७० च्या आसपास जुनी वाद्यं जुन्या पद्धतीने वाजवणाऱ्यांची पिढी पुढे आली. फ्रान्स ब्रुखेन, बार्टोल्ड काउकेन यांच्या लाकडी फ्लूटवरचा बाख ऐकल्यावर सोन्याच्या नळीतून, कंप देत येणारा रांपालचा बाख श्रीमंती थाटाचा वाटू लागला. आज ती रेकॉर्ड लावली तर कान तेच सांगतात. पण त्या रचना ग्रंथालयातून बाहेर काढून लोकांच्या घरात नेल्या त्याच श्रीमंती फ्लूटने, हेही रेकॉर्ड संपेपर्यंत लक्षात येतं.

भारताशी त्याचा खरा संबंध आला १९७६ साली. पंडित रविशंकरांनी त्याच्यासाठी तोडी रागावर आधारित ‘लोब आंशांते’ ही फ्लूट आणि हार्पची रचना केली. हार्पवर मार्तीन जेलियो. त्याच रेकॉर्डवर रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याबरोबर रांपालने ‘मॉर्निंग लव्ह’ वाजवलं. तोडीचा गंधार आपल्याकडे एका जागी उभा राहत नाही, तो खाली झुकून डोलतो, आणि चाव्यांच्या फ्लूटवर ते डोलणं होत नाही. मराठी कानाला तिथे खटकतं, खटकायलाच हवं. पण रचनाकाराला हे ठाऊक होतं. जे या वाद्यात नाही ते त्यांनी मागितलंच नाही, आणि स्वच्छ, वेगवान स्वरावली मागितली तिथे रांपाल खुलतो. शेजारच्याचं ऐकून जागा सोडायची ही त्याची सवय अल्लारखाँच्या तबल्यापुढेही सुटलेली नाही.

रांपाल वाढत होता, पुढे येत होता, त्याच दशकांत इकडे जे घडलं ते समांतर ठेवून बघण्यासारखं आहे. पन्नालाल घोष १९४० च्या सुमारास मुंबईत आले, लोकसंगीतातली आखूड बासरी त्यांनी लांब केली, सातवं छिद्र पाडलं आणि विलंबित ख्याल तिच्यातून गायला लावला. ते १९६० मध्ये गेले. दोघांची वाद्यं निराळी, संगीत निराळं. पण दुय्यम म्हणून बाजूला बसवलेल्या बासरीला मंचाच्या मध्यभागी आणणारी दोन माणसं एकाच काळात, एकमेकांपासून हजारो मैलांवर, आपापल्या फुंकरीवर काम करत होती. पन्नाबाबूंना मात्र तो मध्य एकट्याने धरायचा होता, कारण आपल्या मैफिलीची मांडणीच तशी.

१९६९ ते १९८१ रांपालने पॅरिसच्या महाविद्यालयात शिकवलं, म्हणजे क्र्युनेलच्याच खुर्चीत तो बसला. नीसमधल्या त्याच्या उन्हाळी वर्गांना जगभरातून मुलं येत. त्याच्या मागून आलेल्यांत आज सगळ्यात मोठं नाव इमान्युएल पाहुद. बर्लिन फिलहार्मोनिकचा हा प्रमुख फ्लूटवादक १९९३ पासून दोन मित्रांबरोबर चेंबर संगीताचा महोत्सव भरवतो, तोही मार्सेयजवळच्या सालों-द-प्रोव्हान्समध्ये, आणि स्वतःच्या वाऱ्याच्या वाद्यांच्या मंडळींत जाऊन बसतो. एकल कीर्ती मिळाली तरी खोलीतलं संगीत सोडायचं नाही, ही वाट पाडून ठेवलेली होती.

व्हेरों-लाक्रुआची प्रकृती ढासळल्यावर त्याच्या जागी जॉन स्टील रिटर आला. जोडी तीच, माणूस बदललेला. रांपालने १९८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं; त्यात खाण्यापिण्याच्या हकिगती भरपूर आहेत आणि त्या वाचनीय आहेत. २० मे २००० रोजी तो पॅरिसमध्ये गेला. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. अंत्यविधीच्या वेळी फ्लूटवादकांनी मिळून ब्वामोर्तिये या जुन्या फ्रेंच रचनाकाराची संथ गत वाजवली.

त्याआधी काही महिने, डिसेंबर १९९९ मध्ये, त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग पॅरिसमध्ये झालं. मोझार्ट आणि हॉफमाइस्टर. सोबतीला पुन्हा पास्किये त्रिकूट, १९४६ च्या भावांचं नव्हे, त्यांच्या पुढच्या पिढीचं. शेजारी दुसरा फ्लूट घेऊन क्लाउदी आरिमानी. म्हातारा रांपाल तिथेही एकटा नव्हता.